सायगावची नववी आणि इंग्रजी शब्दांची शेपटं

फेब्रुवारीत व्हिएतनाममध्ये शिकवण्यांचे नियम बदलले आणि त्यामुळे मला घरबसल्या एक विद्यार्थिनी मिळाली. शिक्षण मंत्रालयाचं २०२४ सालचं २९ क्रमांकाचं परिपत्रक १४ फेब्रुवारी २०२५ पासून लागू झालं. शाळेत ज्या मुलांना शिकवता, त्याच मुलांची बाहेर पैसे घेऊन शिकवणी घ्यायची नाही. शाळेत जादा तास घ्यायचे तर फुकट घ्यायचे, तेही अभ्यासात मागे पडलेल्या, स्पर्धांसाठी निवडलेल्या किंवा शेवटच्या वर्षाच्या मुलांसाठीच, आणि एका विषयाला आठवड्याला दोन तासिकांच्या वर नाही. नियम मला तरी बरा वाटतो. वर्गात हातचं राखून शिकवायचं आणि उरलेलं संध्याकाळी विकायचं, हे कधीतरी थांबायला हवंच होतं. पण नववीचं दुसरं सत्र ऐन भरात असताना ज्यांच्या शिकवण्या अचानक बंद पडल्या, त्यांच्या आयांची झोप उडाली. त्यातली एक आई इथे सायगावात आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहते.

ती मला 'ची' म्हणते, म्हणजे ताई. मी तिला 'एम', म्हणजे धाकटी बहीण. तिची मुलगी मला 'को' म्हणते आणि स्वतःला 'कॉन', म्हणजे लेकरू. शिक्षिकेलाही को म्हणतात आणि शेजारच्या काकूंनाही, त्यामुळे मला बढती मिळाल्याचं कुणाच्या लक्षातही आलं नाही. पोरगी पंधरा वर्षांची झाली तरी आई तिला अजून 'बे' अशीच हाक मारते. बे म्हणजे छोटी. मीही इथे तिला बेच म्हणणार आहे. पैशांचा विषय निघालाच नाही, माझ्या व्हिसावर नोकरी चालतही नाही. त्याऐवजी दारावर टकटक होते आणि हातात कधी आंब्यांची पिशवी येते, कधी सोललेला पोमेलो, म्हणजे पपनस.

ज्यांना इथली पद्धत माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पहिली ते पाचवी प्राथमिक, सहावी ते नववी माध्यमिक, दहावी ते बारावी उच्च माध्यमिक. नववी पास झालं म्हणून सरकारी शाळेत दहावीची जागा मिळत नाही. त्यासाठी जूनमध्ये प्रवेश परीक्षा असते. हो ची मिन्ह सिटीत, म्हणजे जिला इथले लोक बोलताना सायगावच म्हणतात तिथे, तीन विषय असतात: साहित्य, गणित आणि परकीय भाषा. ही परकीय भाषा बहुतेकांसाठी इंग्रजीच. प्रत्येक विषय दहा गुणांचा, एकूण तीस. कुठल्या शाळा हव्यात त्याची तीन नावं २०२५ साली पसंतीच्या क्रमाने परीक्षेआधीच लिहून द्यायची होती. जिथे नंबर लागला नाही तिथे नाही. मग खाजगी शाळा, व्यवसाय शिक्षण किंवा निरंतर शिक्षण केंद्र. हे पर्याय वाईट आहेत असं मी म्हणणार नाही, पण बेच्या आईच्या चेहऱ्याकडे बघून तसं तिला सांगायची हिंमतही माझ्यात नाही.

२०२५ च्या परीक्षेआधी आणखी एक गोष्ट झाली. डिसेंबर २०२४ मध्ये मंत्रालयाने देशभरासाठी ठरवून टाकलं की गणित आणि साहित्य पक्के, तिसरा विषय प्रांताने निवडायचा, आणि सलग तीन वर्षांपेक्षा जास्त तोच विषय ठेवायचा नाही. हो ची मिन्ह सिटी आणि हनोई, दोघांनीही पहिल्याच वर्षी परकीय भाषा निवडली. त्यात गंमत अशी की २०२५ पासूनच बारावीच्या शेवटच्या परीक्षेत परकीय भाषा ऐच्छिक झाली आहे. तिथे आता साहित्य आणि गणित सक्तीचं, बाकी दोन विषय मुलांनी स्वतः निवडायचे. म्हणजे उच्च माध्यमिक शाळेत शिरताना इंग्रजी लागतं आणि बाहेर पडताना लागत नाही. त्याच वेळी सरकारचं धोरण मात्र शाळांमध्ये इंग्रजीला हळूहळू दुसऱ्या भाषेचा दर्जा देण्याचं आहे. बेला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "को, मग मी बारावीला इंग्रजी घेणारच नाही." आधी दहावीत तर जा, म्हटलं.

हनोईचा इंग्रजीचा पेपर साठ मिनिटांचा, चाळीस प्रश्न, सगळे बहुपर्यायी. सायगावचा पेपर नव्वद मिनिटांचा. प्रश्न इथेही चाळीस, प्रत्येकी पाव गुणाचे, पण काही प्रश्नांना पेन उचलावं लागतं. शब्दाचं योग्य रूप लिहायचं, वाक्य दुसऱ्या पद्धतीने लिहायचं. हनोईच्या मुलाला निदान चार पर्यायांत उत्तर दिसत तरी असतं. इथे कंसात एक शब्द देतात आणि पुढे रिकामी रेघ. बेचे गुण नेमके तिथेच गळत होते.

तिची वही मी पहिल्यांदा उघडली तेव्हा मला वाटलं चुकून गणिताची वही आणली. पानोपानी सूत्रं. एस अधिक हॅव किंवा हॅज अधिक व्ही थ्री. एस अधिक विश अधिक एस अधिक व्ही टू. इट टेक्स अधिक माणूस अधिक वेळ अधिक टू व्ही. इथे एस म्हणजे कर्ता, व्ही म्हणजे क्रियापद, व्ही टू आणि व्ही थ्री म्हणजे त्याचं दुसरं आणि तिसरं रूप. गुलाबी, पिवळ्या, हिरव्या हायलायटरने रंगवलेली, प्रत्येक सूत्राभोवती चौकट. वहीला लागून फोटोकॉपीच्या दुकानातून स्पायरल बाइंडिंग करून आणलेल्या सराव प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा. व्याकरणाचे नियम या पोरीला माझ्याहून जास्त पाठ होते. मी इंग्रजी शिकले ती वाक्यं ऐकून आणि वाचून. 'थर्ड कंडिशनल', म्हणजे 'तसं झालं असतं तर' छापाचं वाक्य, असं कुणी विचारलं तर मला आधी एक वाक्य मनात म्हणावं लागतं आणि मग त्यातून नियम काढावा लागतो. ती उलटं करते. नियम तिच्या जिभेवर असतो, वाक्य मात्र तयार होत नाही.

या सूत्रांना हसणारे परदेशी शिक्षक मी पाहिलेत. मी हसत नाही. चाळीस-पंचेचाळीस मुलांचा वर्ग, आठवड्याला मोजक्या तासिका आणि घरी इंग्रजी बोलणारं कुणी नाही, अशा वेळी सूत्र हाच हाताशी असलेला आधार. शिवाय त्यात कल्पकता केवढी आहे! इंग्रजीत विशेषणांचा क्रम असतो ना: मत, आकार, वय, घडण, रंग, मूळ ठिकाण, कशाचं बनलंय, कशासाठी आहे. तो लक्षात ठेवायला इथली मुलं एक वाक्य म्हणतात: "ओंग साऊ आन सूप कुआ ओंग मप फी." म्हणजे 'साऊ आजोबा खेकड्याचं सूप खातात, आजोबा गलेलठ्ठ.' प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर म्हणजे एकेका प्रकाराच्या इंग्रजी नावाचं पहिलं अक्षर. साऊ म्हणजे सहा. दक्षिणेत थोरल्या मुलाला 'दोन' म्हणायची रीत आहे, त्यामुळे हे सहावे आजोबा खरं तर पाचवे. हे बेनेच मला ऐकवलं, अगदी अभिमानाने. त्या दिवसापासून मी स्वतः 'मोठी जुनी गोल लाकडी पेटी' इंग्रजीत म्हणताना मनातल्या मनात खेकड्याचं सूप आठवते.

दुसरं वाक्य त्याहून भारी: "थोय फाँग किएन फुआंग ताय." पाश्चिमात्य सरंजामशाहीचा काळ. अनेकवचनाच्या किंवा क्रियापदाच्या शेवटचा एस कुठे 'स' असा उच्चारायचा ते यातून कळतं. आधीचा ध्वनी थ, प, क, फ, ट यांपैकी असेल तर 'स', नाहीतर 'झ' किंवा 'इझ'. एवढ्याशा एसपायी अख्खी सरंजामशाही पाठ करायची.

आणि मुद्दा तिथेच आहे. थोडे दिवस तिच्याबरोबर बसल्यावर माझ्या लक्षात आलं की बेच्या बहुतेक चुका वेगवेगळ्या नाहीतच. काळाची चूक, वचनाची चूक, उच्चाराची चूक, शब्दरूपाची चूक अशी तिच्या वहीत चार प्रकरणं असली, तरी आजार एकच. इंग्रजी शब्दाचं शेपूट तिला दिसत नाही, ऐकू येत नाही, म्हणून लिहिताना सुटतं.

व्हिएतनामी भाषेत शब्दाचं रूप बदलतच नाही. एक आंबा असो की दहा, आंबा तसाच. मी जातो, ती जाते, ते गेले, सगळ्यांना एकच क्रियापद. काळ दाखवायचा तर क्रियापदाच्या आधी एक छोटा शब्द येतो: झालेल्याला 'दा', चालू असलेल्याला 'दांग', होणाऱ्याला 'से'. वाक्यात 'काल' आलं असेल तर तो छोटा शब्दही बहुतेक वेळा कुणी म्हणत नाही. मला बेने एकदा विचारलं, "को, वाक्यात यस्टरडे म्हटलंय ना, मग क्रियापद कशाला बदलायचं? कळलंच की." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि खरं सांगायचं तर असण्याची गरजही नाही. तिचा तर्क बरोबरच आहे. इंग्रजीला तो मान्य नाही एवढंच. आपल्याला हे नवल वाटतं, कारण आपण मराठीत घर, घरात, घराला, घरांना असं शब्दाचं अंग सतत बदलत असतो. 'मी काल जातो' हे तीन वर्षांच्या मराठी पोरालाही खटकेल. शेपूट बघायची सवय आपल्याला भाषेनेच लावलेली असते. बेला ती परक्या भाषेसाठी, पंधराव्या वर्षी, परीक्षेच्या तोंडावर लावून घ्यायची होती.

कानाचंही तेच. व्हिएतनामी शब्दाच्या शेवटी मोजकीच व्यंजनं येऊ शकतात: प, त, क, म, न, ङ आणि त्यांचे जवळचे भाऊबंद. त्यातही प, त, क उच्चारताना तोंड बंद होतं आणि हवा बाहेर सुटतच नाही. स, झ, फ, व, ल शेवटी येत नाहीत. दोन व्यंजनं जोडून तर नाहीच नाही. आणि 'आय' असा स्वर आला की त्याच्या पुढे काहीच लागत नाही. त्यामुळे बे वाचते तेव्हा नाइस, नाइट, नाइफ, नाइन हे सगळे 'नाय' होतात. लाइक, लाइफ, लाइन यांचं 'लाय'. ती आळस करत नाही. तिचं तोंड तिथे थांबतं, कारण तिच्या भाषेत शब्द तिथे संपलेला असतो. आता ज्या पोरीच्या कानात 'लाय' एवढंच शिरतं, ती लिहिताना लाइक्स आणि लाइक्ड यातला फरक कुठून आणणार?

म्हणून मी सुरुवातीचे आठवडे प्रश्नपत्रिका बाजूला ठेवल्या. आईला ते अजिबात आवडलं नाही. मोठ्याने वाचन, बस्स. शेवटचं व्यंजन जरा जास्तच ठासून म्हणायचं, नाटकी वाटलं तरी चालेल. वॉक्ट. प्लेड. वॉन्टिड. देवनागरीत लिहून दाखवलं तेव्हा तिला अक्षरं कळली नाहीत, पण तीन शेपटं तीन वेगळी दिसतात हे कळलं, आणि तिने ती वहीत चित्रासारखी उतरवून घेतली. भूतकाळाच्या ई-डीचे तीन उच्चार तिला नियम म्हणून येत होतेच: ट किंवा ड नंतर 'इड', घोष नसलेल्या व्यंजनानंतर 'ट', बाकी सगळीकडे 'ड'. पेपरातल्या पहिल्या प्रश्नांत हेच विचारतात, चार शब्दांपैकी कुणाचा उच्चार वेगळा. तिथे ती सूत्राने गुण मिळवायचीच. अपवादही तिला पाठ होते, नेकिड आणि विकिड यांचा शेवट 'इड' होतो वगैरे. पण 'ही वॉक' असं ती सर्रास लिहायची. सूत्र एका खणात, लिहिणं दुसऱ्या. मोठ्याने वाचायला लागल्यावर दोन्ही एकमेकांना भेटले, असं मला वाटतं. निदान आता ती शेवटी अडखळते, आणि अडखळली की स्वतःच मागे जाऊन एस लावते.

आघाताच्या प्रश्नांवर मी फारसा वेळ घालवला नाही. व्हिएतनामीत प्रत्येक अक्षराला स्वतःचा सूर असतो, त्यामुळे शब्दातलं एकच अक्षर जोरात आणि बाकीची दबकी ही कल्पनाच परकी. आपल्या मराठी कानालाही आघाताचं फारसं सोयरसुतक नाही. शन-ने संपणाऱ्या शब्दात त्याच्या आधीच्या अक्षरावर जोर, दोन अक्षरी नामात बहुधा पहिल्यावर, क्रियापदात बहुधा दुसऱ्यावर. एवढं पाठ करून पुढे जा, म्हटलं. अर्ध्या गुणासाठी जीव काढण्यात अर्थ नाही.

जीव काढायचा तो शब्दरूपांसाठी. कंसात एक शब्द, रेघेवर त्याचं योग्य रूप, असे सहा प्रश्न, म्हणजे दीड गुण. सीमारेषेवरच्या मुलाची शाळा दीड गुणात बदलते.

इथली सगळी मुलं चार रकाने आखून शब्दांची कुटुंबं पाठ करतात: नाम, क्रियापद, विशेषण, क्रियाविशेषण. सक्सेस, सक्सीड, सक्सेसफुल, सक्सेसफुली. बेच्या वहीत अशी कुटुंबं पानंच्या पानं होती. तरी रेघ समोर आली की ती चारांतला एक कुठलातरी उचलायची. का, ते एके दिवशी कळलं. मी तिला या चारांचा व्हिएतनामी अर्थ एकेक करून विचारला. सक्सेस? "थान्ह काँग." सक्सीड? "थान्ह काँग." सक्सेसफुल? ती हसायला लागली. तिच्या भाषेत यश, यशस्वी होणं आणि यशस्वी या तिन्हींना एकच शब्द पुरतो. चार रकान्यांत तिने चार इंग्रजी शब्द भरले होते, पण तिच्यासाठी आत माल एकच होता. मग निवडायचं कशाच्या जोरावर?

पण व्हिएतनामीत एक सोय आहे, आणि ती मला बेच्या आईच्या बोलण्यातून सापडली. नाम आहे हे ठासून सांगायचं असेल तर शब्दाआधी 'सू' लावतात. क्रियाविशेषण करायचं तर आधी 'मोत काच', म्हणजे 'एका रीतीने'. म्हणजे इंग्रजी जे शब्दाच्या मागे चिकटवतं, ते व्हिएतनामी शब्दाच्या आधी, सुटं ठेवते. मग आमची पद्धत अशी ठरली. वाक्य वाचायचं, रेघेच्या जागी मनात व्हिएतनामी शब्द घालायचा, आणि विचारायचं: इथे आधी 'सू' बसेल का? बसला तर नाम. 'मोत काच' बसेल? तर शेवटी एल-वाय. दोन्ही बसत नसतील तर बघायचं की हा शब्द कुणाबद्दल काही सांगतोय की कुणी काही करतंय. कसं होतं ते सांगते. मी वाक्य दिलं: त्या नदीचं (रिकामी रेघ) गावातल्या मासेमारीला मारक ठरलं, कंसात पोल्यूट. इंग्रजीत रेघेच्या आधी 'द' आणि नंतर 'ऑफ द रिव्हर'. बेने पुटपुटत 'सू' लावून बघितला, मान डोलावली आणि पोल्यूशन लिहिलं. पुढचं वाक्य: गावकऱ्यांनी (रिकामी रेघ) पाणी पिऊ नये, पुन्हा पोल्यूट. सू बसेना, मोत काच बसेना. मग पोल्यूटेड की पोल्यूटिंग? इथे तिचं गाडं अडलं. पाणी दूषित झालंय की दूषित करतंय, असं विचारल्यावर तिने लगेच एक व्हिएतनामी शब्द म्हटला: 'बी'. आपल्यावर काही वाईट ओढवलं की व्हिएतनामीत क्रियापदाआधी 'बी' येतो, काही चांगलं मिळालं की 'दुओक'. "पाण्यावर ओढवलंय, को, म्हणजे ई-डी." तिथून मग पॅसिव्ह व्हॉइसचं अख्खं प्रकरण सोपं झालं, कारण 'बी' आणि 'दुओक' दिसले की तिला आता इंग्रजीतलं 'टू बी' क्रियापद आणि व्ही थ्री आपसूक आठवतात.

रूप सापडल्यावरही दोन गोष्टी राहतात आणि परीक्षक नेमके तिथे टपलेले असतात. वाक्याचा अर्थ उलटा तर नाही ना? सक्सेसफुल नाही, अनसक्सेसफुल हवं असेल. आणि नाम असेल तर अनेकवचन? रेघेच्या आधी 'मेनी' असताना नुसतं इन्व्हेन्शन लिहून पाव गुण घालवणं हा बेचा छंद होता. पुन्हा शेपूट.

काळांच्या बाबतीत मुलं 'खुणा' शोधतात. यस्टरडे दिसलं की साधा भूतकाळ, सिन्स दिसलं की प्रेझेंट परफेक्ट, अॅट द मोमेंट दिसलं की आय-एन-जी. वर्गात शिकवतातच तसं, आणि दहापैकी आठ वेळा जमूनही जातं. उरलेल्या दोन वेळांसाठी परीक्षक सापळा लावतात. 'सिन्स लास्ट वीक' घ्या. बेला आधी 'लास्ट वीक' दिसतो, ती भूतकाळाचा रंग लावून मोकळी. तिला मी एकच सवय लावली. खुणेभोवती गोल करायचा, पण गोल करण्याआधी तिच्या डावीकडचा शब्द वाचायचा. सिन्स, बाय, अनटिल, सगळे तिथेच लपलेले असतात.

एका चुकीवर मात्र माझी तिच्याशी घट्ट मैत्री झाली. 'ऑलदो इट रेन्ड, बट वी वेंट आउट.' व्हिएतनामीत 'तुई' म्हटलं की पुढे बहुधा 'न्युंग' येतं, 'वी' म्हटलं की पुढे 'नेन'. आपलं 'जरी' आणि 'तरी' आठवतंय? अगदी तेच. 'कारण'च्या मागोमाग 'म्हणून'ही येतोच. इंग्रजीत दोघांपैकी एकालाच जागा. मी तिला सांगितलं की हजारो किलोमीटर लांब माझ्या गावातली पोरंही हीच चूक करतात, तेव्हा तिचा पहिल्यांदा विश्वास बसला की तिच्या डोक्यात काही बिघाड नाही. ऑलदोचं डिस्पाइट करा, बिकॉजचं बिकॉज ऑफ करा, हे वाक्य फिरवण्याच्या प्रश्नातलं नेहमीचं गिऱ्हाईक. तिथेही नियम लहानसाच: डिस्पाइट आणि बिकॉज ऑफ यांच्यानंतर वाक्य नाही, नाम किंवा आय-एन-जी.

शब्दसंग्रहाबद्दल माझं मत जरा कडू आहे. नववीच्या मुलांना मिळणाऱ्या शब्दयाद्या लांबलचक असतात आणि शेजारी एकेक व्हिएतनामी अर्थ. त्या अर्थानेच घोळ होतो. 'मो' म्हणजे उघडणं, पण दिवा लावणं आणि टीव्ही लावणं हेही 'मो'. म्हणून 'ओपन द लाइट'. 'लाम' म्हणजे करणं, म्हणून मेक आणि डू यांची सरमिसळ. आपणही 'करणे'वर सगळं भागवतो, तेव्हा यात मी बेला फार बोलू शकत नाही. 'रात थिक' म्हणजे खूप आवडणं, म्हणून 'आय व्हेरी लाइक'. 'दि चोय' म्हणजे भटकायला जाणं, शब्दशः खेळायला जाणं, म्हणून पंधरा वर्षांची घोडी लिहिते की रविवारी मी मैत्रिणींबरोबर खेळायला गेले, आणि गेलेली असते मॉलमध्ये चहा प्यायला. आम्ही याद्या बंद केल्या. रोज थोडेच शब्द, पण प्रत्येक शब्द त्याच्या जोडीदारासकट: डू होमवर्क, मेक अ डिसिजन, टर्न ऑन द लाइट, पे अटेन्शन टू. जोडीदार नसलेला शब्द वहीत घ्यायचाच नाही. सायगावच्या पेपरात अलीकडे शब्दकोशातली एक नोंद छापून तिच्यावर दोन-तीन शब्दांत उत्तरं मागतात, तो प्रश्न मला फार आवडतो. तिथे पाठांतर कामाला येत नाही. नोंदीतली उदाहरणाची ओळ नीट वाचली की त्यात उत्तर असतंच.

उतारे, सूचनांच्या पाट्यांचा अर्थ विचारणारे प्रश्न यात तिला अडचण नव्हती. २०२४-२५ ची नववी ही २०१८ च्या नव्या अभ्यासक्रमाची पहिली तुकडी. तिसरीपासून इंग्रजी सक्तीचं आणि नववीअखेर सहा पायऱ्यांपैकी दुसरी पायरी, म्हणजे युरोपीय मोजणीतली ए टू, असं या अभ्यासक्रमाचं उद्दिष्ट. वाचून समजण्यात बे त्या पायरीच्या वरच होती. लिहिण्यात नाही. बारावीला तिसरी पायरी अपेक्षित आहे आणि ती कशी गाठणार हे मला दिसतंय, पण ते ती इंग्रजी घेते की नाही त्यावर अवलंबून.

मग परीक्षेला महिनाही उरला नाही. प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा परत टेबलावर आला, आईचा जीव भांड्यात पडला. बे नव्वद मिनिटं लावून पेपर सोडवू लागली. मी क्रम बदलायला लावला: आधी शब्दरूपं आणि वाक्य फिरवणं, डोकं ताजं असताना, मग बहुपर्यायी प्रश्न, आणि शेवटची दहा मिनिटं नवं काही न लिहिता फक्त प्रत्येक लिहिलेल्या शब्दाचं शेवटचं अक्षर तपासायचं. अर्थ बघायचा नाही, शेवटच बघायचा. एकदा त्या दहा मिनिटांत तिने तीन एस आणि एक ई-डी परत मिळवले.

परीक्षा ६ आणि ७ जून २०२५ ला होती. पहिल्या दिवशी सकाळी साहित्याचा दोन तासांचा पेपर, त्याच दुपारी इंग्रजी, दुसऱ्या दिवशी सकाळी गणित. सकाळभर व्हिएतनामीत निबंध लिहून आलेली पोरगी दुपारी इंग्रजीला बसणार, ही मला खरी काळजी होती. आईचा बेत होता की मधल्या वेळात सगळी सूत्रं एकदा नजरेखालून घालायची. मी तिला सांगितलं, एम, वही माझ्याकडे ठेव, बेला जेवू घाल आणि अर्धा तास झोपव. इथे दुपारची झोप शाळेतही असते, त्यामुळे तेवढं तरी तिने वाद न घालता मान्य केलं.